शेऱ्याचा रकाना

हिडकलचे धरण काठोकाठ भरले की त्यात सुमारे ५१ टीएमसी पाणी मावते. आपल्या भागात हा आकडा पोरासोरांनाही पाठ असतो. जुलै-ऑगस्टात वर्तमानपत्र उघडले की नजर आधी त्याच चौकटीकडे जाते. आता मंगळाच्या सबंध वातावरणात, या ध्रुवापासून त्या ध्रुवापर्यंत, वाफेच्या रूपाने जेवढे पाणी तरंगत आहे ते सगळे निथळून एका जागी साठवले, तर साधारण एक हिडकल भरेल. एका अख्ख्या ग्रहाची वाफ आणि आपले एक धरण!

हा हिशेब कोणी तिथे जाऊन, भांडे लावून केलेला नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी तो वरून केला आहे. त्यांचे माप मोठे गमतीचे आहे. एखाद्या जागेवर उभा असलेला हवेचा खांब घ्यायचा, त्यातली सगळी वाफ जमिनीवर उतरवली असे समजायचे, आणि पाण्याचा थर किती जाड होईल ते सांगायचे. पृथ्वीवर हा थर सरासरी पंचवीस मिलिमीटरच्या आसपास भरतो. मंगळावर तो भरतो सुमारे दहा मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केस याहून कितीतरी जाड.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले; खगोलशास्त्र हा काही माझा अभ्यासाचा विषय नव्हे. पण या वाफेच्या मागे मी गेली काही वर्षे लागलो आहे, आणि त्याचे कारण विज्ञानाहून वेगळे आहे. ‘आहे’ असे म्हणायला माणसाला पुरावा लागतो, हे आपण सगळेच मानतो. पण ‘नाही’ असे म्हणायला काय लागते? नुसते ‘मला दिसले नाही’ एवढे पुरते का? हा प्रश्न तर्काचा वाटतो, पण तो नीतीचाही आहे. आणि मंगळावरच्या वाफेच्या शोधात तो दीडशे वर्षे पावलोपावली उभा राहिलेला दिसतो.

पहिली अडचण अशी की मंगळाकडे पाहणारा डोळा पृथ्वीवर होता, आणि पृथ्वीच्या हवेत पाणीच पाणी. मंगळाचा प्रकाश वर्णपटात पसरला की वाफेच्या काळ्या रेषा दिसतात खऱ्या. पण त्या तिकडच्या की इकडच्या? १८६७ मध्ये ज्यूल जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्या हवेतली वाफ टाळण्यासाठी एटना पर्वतावर चढला, आणि मंगळावर वाफ आहे असे सांगता झाला. पुढे १८९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत विल्यम वॉलेस कॅम्पबेल याने एक साधी युक्ती केली. चंद्रावर हवाही नाही आणि वाफही नाही. तेव्हा मंगळ आणि चंद्र आकाशात सारख्याच उंचीवर असताना दोघांचे वर्णपट घ्यायचे आणि शेजारी ठेवायचे. मंगळाच्या रेषा जास्त ठळक दिसल्या, तर जास्तीची वाफ मंगळाची. कॅम्पबेलला दोन्हींत काही फरक दिसला नाही. १९०९ मध्ये त्याने माउंट व्हिटनेच्या साडेचौदा हजार फूट उंच शिखरावर उपकरणे चढवून पुन्हा पाहिले. तेव्हाही नाही.

त्याच काळात अ‍ॅरिझोनात पर्सिव्हल लोवेल मंगळावरचे कालवे रेखाटत बसला होता. बुद्धिमान, श्रीमंत, भाषाप्रभू माणूस. त्याला मंगळावर सुकत चाललेल्या जगात पाटबंधारे बांधणारी शहाणी जात दिसत होती. तिला पाणी तर हवेच. १९०८ मध्ये त्याच्या वेधशाळेत घेतलेल्या वर्णपटांवरून मंगळावर वाफ असल्याचे जाहीर करण्यात आले.

आता गंमत पाहा. मंगळावर वाफ आहे हे आज आपल्याला पक्के ठाऊक आहे. म्हणजे लोवेल म्हणत होता ते खरे निघाले आणि कॅम्पबेलला दिसले नाही ते तिथे होते! मग शहाणा कोण? आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, घुणाक्षरन्याय. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून ‘क’ कोरला गेला, म्हणून किडा काही साक्षर होत नाही. त्या वेळच्या उपकरणांना एवढी पातळ वाफ दिसणे शक्यच नव्हते, म्हणून लोवेलच्या बाजूने निघालेला निष्कर्ष खरा असला तरी त्याच्या हक्काचा नव्हता. कॅम्पबेलचा निष्कर्ष हक्काचा होता, कारण त्याचा अर्थ एवढाच होता : वाफ असलीच तर माझ्या पद्धतीला दिसण्याइतकी नाही. माझे मत विचाराल तर मी कॅम्पबेलच्या बाजूचा. लोवेलच्या वेडामुळेच पुढची पिढी मंगळाकडे वळली असे एक स्नेही मला नेहमी सुनावतात, आणि त्यातही तथ्य आहे. वेड माणसाला दुर्बिणीपर्यंत नेते, हे कबूल. पण दुर्बिणीला डोळा लावल्यावर ते बाहेर ठेवावे लागते.

निवाडा लागला तो १९६३ च्या एप्रिलमध्ये. माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून स्पिनरॅड, म्यूंख आणि कॅप्लन या तिघांनी मंगळ पृथ्वीपासून वेगाने दूर जात असताना त्याचा वर्णपट घेतला. दूर जाणाऱ्या वस्तूच्या रेषा तांबड्या बाजूला किंचित सरकतात. स्टेशन सोडून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर उतरतो, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे पृथ्वीच्या वाफेची जाड रेष जागच्या जागी राहिली आणि तिच्या शेजारी मंगळाची एक अगदी फिकट रेष सुटी दिसली. थर निघाला सुमारे १४ मायक्रॉन, आणि त्यांनी त्यापुढे प्रामाणिकपणे लिहिले : सात इकडे किंवा सात तिकडे. म्हणजे निम्म्याची चूक शक्य आहे हे सांगूनच आकडा दिला. या ‘सात इकडे, सात तिकडे’बद्दल मला त्या तिघांचा फार आदर वाटतो.

आपल्या हवेचा पडदा कायमचा दूर करायचा तर डोळाच तिकडे न्यायला हवा. १९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याला वाफ दिसली. पण खरे मोजमाप सुरू झाले १९७६ मध्ये, व्हायकिंगची दोन याने तिथे पोचल्यावर. त्यांच्यावर क्रॉफ्टन फार्मर यांच्या गटाचे एक उपकरण होते, खास पाण्याचाच शोध घेण्यासाठी बनवलेले. मंगळाच्या जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश ते घेई. सुमारे १.४ मायक्रॉन लांबीच्या लहरींत वाफ प्रकाश गिळते. तर त्या गिळणाऱ्या रेषांवर उजेड किती आला आणि रेषांमधल्या मोकळ्या जागेत किती आला, याची तुलना करायची. जितका उजेड कमी, तितकी वाफ जास्त. या उपकरणाने मंगळाचे पाण्याचे पंचांगच मांडले. उत्तरेच्या उन्हाळ्यात, ध्रुवावरची गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडची हिवाळी चादर उडून गेली की खालचे पाण्याचे बर्फ उघडे पडते आणि त्याच्या काठाशी वाफेचा थर शंभर मायक्रॉनच्या घरात जातो. मग ही वाफ दक्षिणेकडे पसरत पातळ होते.

आणि दक्षिणेच्या उन्हाळ्यात? व्हायकिंगच्या नोंदी सांगत होत्या की तेव्हा वाफ फारच थोडी. उत्तर गोलार्ध ओला, दक्षिण गोलार्ध कोरडा, असे चित्र त्यातून उभे राहिले.

पण १९७७ मध्ये, नेमक्या त्याच दिवसांत, मंगळावर दोनदा ग्रह झाकून टाकणारी धुळीची वादळे झाली होती. धुळीचा ढग असला की सूर्यकिरण जमिनीपर्यंत जाऊन परत येत नाहीत. ते वरच्यावरच धुळीवर आपटून माघारी फिरतात. खालची वाफ त्यांनी पाहिलेलीच नसते. उपकरण आपले इमानदारीने सांगते : उजेड गिळला गेला नाही, वाफ थोडी. उपकरण खोटे बोलत नाही. पण जे त्याच्या वाट्याला आले नाही, त्याबद्दल त्याची साक्ष आपण काढतो.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सत्तरच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी नुकताच नोकरीला लागलो होतो. तिथल्या एका कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला तिथला शिपाई काचेच्या मोजपात्रात पाणी ओतून पाऊस मोजी आणि वहीत लिही. वहीचे मथळे दोन लिप्यांत होते. शेवटच्या रकान्यावर मराठीत ‘शेरा’ आणि कानडीत ‘षरा’. दोन्ही शब्द एकाच जुन्या दप्तरातून आलेले, नुसता उच्चार काय तो बदललेला. एका पावसाळ्यात हा शिपाई भाचीच्या लग्नासाठी नऊ दिवस गावी गेला. त्या नऊ दिवसांचे रकाने कोरे राहिले. पाऊस तर त्यातले चार-पाच दिवस चांगला झालेला. आम्ही सगळे भिजलो होतो. पण मोजला कोणी नव्हता. महिन्याचा तक्ता वर पाठवायची वेळ आली तेव्हा कारकुनाने कोऱ्या जागी सरळ शून्ये मांडली. बेरीज एकदम खाली आली, आणि तेवढ्यावर तो भाग टंचाईच्या यादीत बसण्याजोगा झाला. सारासूट, तगाई, सगळेच मिळणार होते.

शिपाई परत आला आणि त्याने तक्त्यावर सही करायला नकार दिला. कारकून काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “मामा, तुमच्या एका हट्टानं शंभर घरांच्या तोंडचा घास जाईल. कुणाचं नुकसान आहे यात?” मामांचे उत्तर मला आजही शब्दशः आठवते. “पाऊस न्हाई असं मी कसं लिवू? मी न्हवतो. मी न्हवतो असं लिवा की.”

त्यांना शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द हवे होते : मोजणारा हजर नव्हता. ते लिहिले गेले नाहीत. तक्त्यावर दुसऱ्याच कोणाची तरी सही झाली, सूट मिळाली, लोकांनी मामांना वेड्यात काढले. पिके तशी बेताचीच होती, तेव्हा सुटीचा एकही पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही. पण पलीकडच्या खोऱ्यातल्या गावांची पिकेही तितकीच बेताची होती. तिथला मोजणारा लग्नाला गेला नव्हता, रोजचा पाऊस रोज लिहीत होता, म्हणून त्यांना काहीच मिळाले नाही. कारकुनाच्या प्रश्नाचे उत्तर त्या खोऱ्यात होते.

शून्य आणि कोरी जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या जुन्या शास्त्रकारांनी फार बारकाईने हेरले होते. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि वेदान्ती ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान होते कशाने? तर घट उपलब्ध होत नाही, यानेच. नैयायिकांना हे वेगळे प्रमाण मान्य नाही. अभावही प्रत्यक्षानेच कळतो असे ते म्हणतात. तो वाद मोठा आहे, आपण त्यात शिरू नये. पण एका अटीची जाणीव दोन्ही पक्षांना आहे, आणि ती मोलाची आहे. अनुपलब्धि ‘योग्य’ हवी. म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती हवी. उजेड हवा, डोळा धड हवा, मध्ये आडपडदा नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे म्हणता येत नाही. धुळीने भरलेल्या हवेतली वाफ ही अंधाऱ्या खोलीतला घट आहे. कॅम्पबेललाही ही अट ठाऊक होती, जरी त्याने कुमारिलाचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही. म्हणूनच तो उपकरणे घेऊन डोंगर चढला. आपल्या ‘नाही’ला योग्यता यावी, यासाठी साडेचौदा हजार फुटांची चढण!

व्हायकिंगच्या मंडळींनाही ही धूळ खटकत होती. तिच्यामुळे आकडे किती घसरत असतील याचे गणित त्यांच्यातल्याच काहींनी पुढच्या दोन-तीन वर्षांत मांडायला घेतले होते. मग १९९९ पासून २००४ पर्यंत मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने दुसऱ्याच मार्गाने वाफ मोजली, सूर्याच्या परतलेल्या उजेडावरून नव्हे तर मंगळाच्या स्वतःच्या उष्णतेच्या किरणांवरून. त्याला दक्षिणेच्या उन्हाळ्यातही बऱ्यापैकी वाफ दिसली. दक्षिण व्हायकिंगच्या नोंदीत होती तितकी कोरडी नव्हती.

२००३ च्या अखेरीस युरोपचे मार्स एक्स्प्रेस पोचले, आणि एकाच यानावरच्या निरनिराळ्या उपकरणांचे आकडे आपसांत जुळेनात, की सर्व्हेयरशीही जुळेनात. उत्तरेच्या उन्हाळ्यासाठी सर्व्हेयर शंभराच्या आसपास सांगत होते, तर मार्स एक्स्प्रेसवरच्या एका उपकरणाचे उत्तर जवळजवळ निम्मे. बाहेरच्या माणसाला वाटेल, यांना एक केसभर पाणी मोजता येत नाही! पण भांडण न करता मंडळी आपापल्या हिशेबाच्या वह्या उघडून बसली. सर्व्हेयरच्या हिशेबात एक दोष सापडला, तो दुरुस्त केल्यावर आकडे साधारण तीस टक्क्यांनी खाली आले. दुसऱ्या बाजूने धुळीचा हिशेब नीट धरल्यावर मार्स एक्स्प्रेसचे आकडे वर सरकले. एक कारण तर फार बोलके होते. वाफेची रेष किती रुंद दिसेल हे तिच्याभोवती कोणती हवा आहे यावर ठरते. प्रयोगशाळांतले जुने तक्ते पृथ्वीच्या हवेत घेतलेले. मंगळाची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, तिथे तीच रेष अधिक रुंद होते. आपल्या घरच्या हवेतले माप घेऊन आपण दुसऱ्याच्या घरचे पाणी मोजत होतो.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे फार नवल वाटू नये. शेजारच्या घरातले मौन आपण किती वेळा आपल्या मापाने मोजतो! तो बोलला नाही, म्हणजे त्याला सांगायचे काही नव्हते, असे आपण म्हणून मोकळे होतो. त्याच्या बोलीत ते बोलणे झालेले असते, आपल्या कानाची योग्यता तेवढी नसते.

असो. मला सर्वांत भावते ती रशियातल्या अ‍ॅना फेदोरोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कामगिरी. २०१० मध्ये त्यांनी व्हायकिंगच्या, तीस वर्षांहून जुन्या, नोंदी पुन्हा काढल्या आणि नवे तक्ते व धुळीचा हिशेब धरून त्या नव्याने सोडवल्या. धुळीच्या वादळात कोरडा दिसलेला दक्षिण गोलार्ध पहिल्या नोंदींइतका कोरडा राहिला नाही. आता विचार करा, हे शक्य का झाले? व्हायकिंगच्या माणसांनी नुसती उत्तरे ठेवली असती, ‘दक्षिणेत वाफ थोडी’ एवढेच लिहून मूळ वाचने टाकून दिली असती, तर फेदोरोवांच्या हाती काय आले असते? पण त्यांनी कोणत्या क्षणी, कोणत्या जागेवर, कोणत्या कोनातून किती उजेड आला, हे सगळे जपून ठेवले होते. शेऱ्याचा रकाना भरलेला होता.

जुना आकडा बदलला म्हणजे जुना माणूस खोटा ठरला, असे आपल्याला वाटते, आणि म्हणूनच आपण आकडे बदलू देत नाही. मला ते पटत नाही. व्हायकिंगचा आकडा चुकीचा होता, खोटा नव्हता. कारकुनाच्या नऊ शून्यांपैकी चार-पाच शून्ये तर कदाचित बरोबरही असतील, कारण तितके दिवस कोरडे गेलेही असतील. तरी ती नऊच्या नऊ शून्ये खोटी होती. चुकीच्या आकड्याची दुरुस्ती होऊ शकते. त्या शून्यांची कधीच होणार नाही, कारण त्यांच्याखाली कोरी जागा होती हे तक्ता वाचणाऱ्याला कळायला वाटच ठेवलेली नाही.

अलीकडची हकिकत सांगून थांबतो. आपले मंगळयान २०१३ च्या ५ नोव्हेंबरला, ऐन भाऊबिजेच्या दिवशी उडाले. वारही मंगळवारच होता. त्याच्यावर पाच उपकरणे होती, त्यांतल्या एकाचे काम साध्या हायड्रोजनशी जड हायड्रोजनचे प्रमाण पाहणे हे होते. मंगळाच्या पाण्यात जड हायड्रोजनचा वाटा पृथ्वीच्या तुलनेत पाच-सहा पट आहे, हे १९८८ मध्ये हवाईच्या दुर्बिणीतून कळले होते. हलका हायड्रोजन अवकाशात सहज निसटतो, जड मागे राहतो. तेव्हा एवढा जड उरला आहे म्हणजे एके काळचे पुष्कळ पाणी उडून गेले आहे. कोणत्या वाटेने, हा प्रश्न होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानाने नियमित निरीक्षणे सुरू केली. ते खाली पाहतेच, पण मंगळाच्या कडेआड सूर्य मावळताना त्याच्याकडेही पाहते, त्यामुळे हवेच्या कोणत्या थरात किती वाफ आहे हे पायरीपायरीने कळते. जूनमध्ये पुन्हा ग्रह झाकणारे वादळ उठले. याच वादळात ऑपॉर्च्युनिटी ही बग्गी कायमची गप्प झाली. आणि एरवी चाळीसेक किलोमीटरच्या आत अडकून राहणारी वाफ या यानाला ऐंशी किलोमीटर उंचीवर दिसली. धूळ ऊन शोषते, हवा तापते, वाफेला गोठायला जागा उरत नाही, आणि ती वर चढत जाते. तिथे सूर्यप्रकाश तिचे तुकडे करतो आणि हायड्रोजन निसटतो. व्हायकिंगच्या उपकरणाला ज्या दिवसांत दक्षिणेत वाफ जवळजवळ दिसतच नव्हती, त्या दिवसांतही हेच चालले असले पाहिजे. धुळीआड मंगळाचे पाणी वर चढून, थोडे थोडे करून, ग्रह सोडून जात होते.